मावशीला विचारलं का?

कोल्हापूरकडच्या माणसानं 'व्हय' म्हटलं म्हणजे तो 'हो' म्हणाला, असं ज्याला वाटतं त्यानं इथं दवाखाना काढू नये आणि सोयरीक तर मुळीच जुळवू नये. इथलं 'व्हय' म्हणजे 'ऐकतोय मी, तुमचं चालू द्या.' समोरचा बोलत असताना मधूनमधून 'व्हय, व्हय' केलं नाही तर त्याला वाटतं, ह्याचं लक्षच नाही. म्हणून माणसं कीर्तनात म्हणतात, चावडीवर म्हणतात, आणि डॉक्टरपुढं तर जरा जास्तच म्हणतात, कारण एवढ्या शिकलेल्या माणसाला तोंडावर 'न्हाय' कसं म्हणायचं?

बनाबाईला ही गोष्ट कुणी सांगायची गरज नव्हती. गडमुडशिंगीत जन्मली, गडमुडशिंगीतच दिली, सातवीपर्यंत शिकली आणि आता चौपन्नाव्या वर्षी शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीची मावशी म्हणून चौदा वर्षं उभी होती. दवाखान्यात ती आली तीच मुळी नवऱ्यामागं. मालक उसाच्या ट्रॉलीवरून पडले, मांडी मोडली, दोन महिने खाटेवर. त्या दोन महिन्यांत बनाबाईनं मालकांचं तर केलंच, पण शेजारच्या चार खाटांचंही केलं. कुणाला पाणी पाज, कुणाला कुशीवर वळव, कुणाच्या सुनेला दोन शब्द ऐकव. शेवटी मेट्रन म्हणाली, बाई, एवढं फुकट करताय तर पगार घेऊन करा. मालक लंगडत घरी गेले, बनाबाई राहिली ती राहिलीच.

काम म्हणाल तर स्ट्रेचर ढकलायचं, चादरी बदलायच्या, भांडी द्यायची-घ्यायची आणि पेशंटबरोबर आलेली अर्धी गल्ली बाहेर काढायची. त्या शेवटच्या कामाला तिचा आवाज पुरायचा. रस्त्यातली म्हैस बाजूला व्हावी असा आवाज. बोलणं इथल्या बायकांसारखं रांगडं, 'मी जातो, मी आलतो' असं. मनात एक आणि तोंडात दुसरं हा प्रकार नाहीच.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर मधुवंती नागपूरहून कॅज्युअल्टीच्या प्रमुख म्हणून आल्या. बाई हुशार, कडक आणि कामाला वाघीण. पहिले पंधरा दिवस त्या नुसत्या कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या ध्यानात आलं की इथं जो जास्त ओरडतो त्याला डॉक्टर आधी मिळतो. मग त्यांनी मनगटावरच्या पट्ट्या आणल्या. लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे थोड्या वेळानं, हिरवी म्हणजे बसा. सगळ्यांना समजावायला त्यांना तासभर लागला, बनाबाईला एक मिनिट. ती म्हणाली, म्हणजे वरडतंय त्याला हिरवी आणि गप पडलंय त्याला लाल. मधुवंतीबाई हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच नाही, पण जवळपास तसंच.

तर ह्या पट्टीवरूनच पुढचं सगळं रामायण घडलं. कसबा बावड्याचे एक उदयसिंह म्हणून बडं प्रस्थ. त्यांच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. पांढऱ्या गाडीतून सहा माणसं घेऊन आले. पट्टी हिरवी मिळाली. ते काही बसेनात, डॉक्टर कुठाय, डॉक्टर कुठाय. तेव्हा बनाबाई चादर झटकता झटकता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पावणं, काटा रुतलाय, तोफंचा गोळा न्हवं. बसा की." अख्खी कॅज्युअल्टी हसली. उदयसिंह मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर तक्रार आली.

प्रशासन अधिकारी विजयसिंह हा तसा भला माणूस, पण तक्रारीचा कागद बघितला की ते आधी नियमांचं पुस्तक उघडायचे. त्यांनी चौकशी केली. डॉक्टर अभिराम म्हणून पुण्याचा एक तरुण डॉक्टर होता, त्याला विचारलं. त्यानं खोटं काही सांगितलं नाही. मावशी मनाच्या चांगल्या आहेत, पण मी पेशंटला प्रश्न विचारत असताना मध्ये बोलतात, एवढंच म्हणाला. तेवढं पुरलं. विजयसिंहांनी बनाबाईला बोलावून निकाल दिला. कॅज्युअल्टीत ह्यापुढं तोंड उघडायचं नाही. डॉक्टर आणि पेशंटच्या मध्ये एक शब्द जरी बोललात तर एक तारखेपासून लाँड्री.

लाँड्री तळघरात. दोन मोठी मशीनं, त्यांची घरघर, आणि बोलायला माणूस नाही. पगारात एक रुपयाचा फरक पडणार नव्हता, उलट पाठीला आराम मिळाला असता. पण बनाबाईला ते नको होतं. चौदा वर्षं ती रोज माणसांत उभी होती, कुणाचं दुखणं कमी झालेलं डोळ्यांनी बघत होती. तिथून उठवून मला चादरींच्यात टाकणार, असं ती रात्री मालकांना म्हणाली आणि रडली. मालक म्हणाले, मग गप बसायला शीक. हे सांगणं म्हणजे ओढ्याला सांगितल्यागत, पण तिनं मनावर घेतलं.

आठ दिवस बनाबाई गप राहिली. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. पण तिला ओळखणाऱ्यांना विचारा. सरोजिनी सिस्टरनी दाढ दुखते का म्हणून विचारलं. बाहेरच्या चहावाल्यानं घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. बनाबाई मानेनं हो-नाही करायची आणि स्ट्रेचर ढकलायची. अभिराम पेशंटला प्रश्न विचारायचा तेव्हा ती मुद्दाम पाठ करून उभी राहायची, कारण त्या पोराची एक खोड तिला सहन होत नव्हती. तो प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'ना' लावायचा. दुखतंय ना? कालपासून ना? गोळी घेतली ना? आता ह्याचं 'ना' आणि आमच्या माणसांचं 'व्हय', दोन्ही कसं फिट्ट बसतं ते तुम्हीच बघा. पाच मिनिटांत कागद भरायचा, आणि त्यात पेशंटचं काहीच नसायचं.

नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, हुपरीकडच्या एका खेड्यातून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून पिराजी नावाचा साठीचा माणूस आणला. अंगावरनं वारं गेलेलं, म्हणजे लकवा. डावा हात लोंबतोय, तोंड वाकडं, जीभ जड. बरोबर त्याची बायको. तिला सगळे आक्का म्हणत होते. पायात चप्पल नाही, पदर तोंडाला, नजर भिरभिरती. पिराजीला लाल पट्टी बांधली आणि अभिराम धावत आला. काम तो झटपट करायचा, त्यात खोट नाही.

ह्या दुखण्यात एक इंजेक्शन असतं. मेंदूतली गुठळी विरघळवतं. पण ते वारं गेल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वेळ टळल्यावर दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. म्हणून कधी झालं, हा सगळ्यात मोठा प्रश्न. अभिरामनं तोच विचारला, पण त्याच्या पद्धतीनं. कालपासून त्रास आहे ना? आक्का म्हणाली, व्हय. रात्रीच हात जड झाला ना? व्हय. सकाळी उठले तेव्हा असेच होते ना? व्हय.

अभिरामनं मान हलवली आणि कागदावर लिहिलं, त्रास काल रात्रीपासून, इंजेक्शनची वेळ टळलेली. सिस्टरना म्हणाला, स्कॅन करून वॉर्डात घ्या, आता घाई नाही. मधुवंतीबाई तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून आल्या, कागद वाचला आणि सुस्कारा टाकला.

बनाबाई स्ट्रेचरची कड धरून उभी होती. तिनं ती तिन्ही 'व्हय' ऐकली होती. एकाही 'व्हय'मध्ये जीव नव्हता. बाई नुसती हुंकार भरत होती. बनाबाईनं पिराजीकडं बघितलं. सदरा धुतलेला, पण त्यावर दुधाचे ताजे डाग. रात्रीपासून हात गेलेला माणूस सकाळी दूध कशाला घेऊन फिरेल? बोलावं तर लाँड्री. न बोलावं तर ह्या माणसाचा हात कायमचा गेला. ती देवाचं नाव घेऊन आक्काच्या पुढं गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "आक्का, आज सकाळी मालक तुमचं ठणठणीत हुतं न्हवं?"

"व्हय," आक्का म्हणाली.

अभिरामचं पेन थांबलं. मधुवंतीबाईंनी कागदावरून मान वर केली. एकाच बाईनं एका मिनिटात दोन्ही गोष्टींना होकार दिला होता.

बनाबाई आता मागं बघायच्या पलीकडं गेली होती. ती आक्काच्या पुढ्यात जमिनीवर उकिडवी बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आता तुमी 'व्हय' म्हणू नगा. सकाळी उठल्यापास्नं काय काय झालं, ते सगळं मला सांगा."

मग आक्का बोलायला लागली. पाचला उठले, म्हशीला आंबवण दिलं, धार ह्यांनीच काढली, किटली सायकलीला अडकवून ह्यांनीच डेअरीवर नेली. तिथं फॅट कमी लागली म्हणून सेक्रेटरीशी तंडले, आणि घरी आल्यावर तेच तेच बोलत बसले. भाकरी खाल्ली. कट्ट्यावर बसून तंबाखू मळायला घेतली, तर चंची हातातून गळून पडली. मग तोंड वाकडं झालं. रात्रीचं विचारलं तर म्हणाली, रात्री तर घोरत पडलेते की. आणि वेळेचं विचारलं तर म्हणाली, घड्याळ कुठलं बाई, पण डेअरीची चिठ्ठी खिशात असंल.

सिस्टरनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. चुरगळलेली, दुधाचे डाग पडलेली चिठ्ठी निघाली. मशीननं छापलेली तारीख, लिटर, फॅट, आणि कोपऱ्यात वेळ, सात वाजून बारा मिनिटं. मधुवंतीबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दहाला पाच कमी होते. म्हणजे डेअरीवर असतानापासून धरलं तरी पावणेतीन तास. त्यानंतर कॅज्युअल्टीत जी पळापळ झाली ती विचारू नका. स्कॅन झालं, रक्तस्राव नव्हता, साडेदहाच्या आत इंजेक्शन चालू झालं. बाराच्या सुमारास पिराजीच्या डाव्या हाताची बोटं हलली. संध्याकाळी त्यानं तो हात उशीपर्यंत उचलला आणि जड जिभेनं पहिलं वाक्य काय बोलला माहीत आहे? डेअरीचं मशीन लबाड हाय. आक्का तोंडावर पदर धरून हसत होती आणि डोळे पुसत होती.

बनाबाई मात्र चार वाजता स्वतःच्या पायांनी विजयसिंहांच्या ऑफिसात गेली. बोलावण्याची वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. मी बोललो, कबूल हाय, एक तारखेची वाट कशाला, असं म्हणून उभी राहिली. मधुवंतीबाई आधीच तिथं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मला ही बाई कॅज्युअल्टीतच पाहिजे, आणि बोलणारी पाहिजे. विजयसिंह कात्रीत सापडले. एका बाजूला लेटरहेडवरची तक्रार, दुसऱ्या बाजूला प्रमुख डॉक्टर, आणि नियमांच्या पुस्तकात मावशीनं बोलण्याबद्दल काहीच नाही. शेवटी तोडगा निघाला तो कागदाचाच. पेशंटच्या कागदावर खाली एक नवी ओळ छापायची, 'मावशीला विचारलं का? हो / नाही.' महिनाभर चालवायचं. महिन्यानं विजयसिंहांनी ते कागद बघायचे. उपयोग दिसला तर बनाबाई राहील, नाहीतर लाँड्री.

त्या छापील ओळीचं बनाबाईला काय अप्रूप वाटलं म्हणून सांगू. चौदा वर्षांत पगाराच्या वहीशिवाय तिची नोंद दवाखान्यात कुठं नव्हती. एक कोरा कागद घडी घालून ती घरी घेऊन गेली आणि मालकांना वाचून दाखवला. मालक म्हणाले, मला तर तीस वर्षांत कुणी असं इचारलं न्हाय. आठ-दहा दिवस कसे झक्क गेले. डॉक्टर येऊन विचारायचे, ती सांगायची, 'हो'वर टिक पडायची.

मग आला सोमवार. भरलेले कागद रेकॉर्ड रूमला पोचवायचं काम बनाबाईचंच. जिन्यात उभी राहून तिनं सहज रविवारचा गठ्ठा चाळला. तेवीस कागद. तेवीसच्या तेवीसांवर 'हो'. आणि रविवार तिच्या सुट्टीचा. काल दिवसभर ती घरामागच्या परड्यात शेणी थापत बसली होती.

तिनं गठ्ठा सरोजिनी सिस्टरना दाखवला. सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, गप राहा, जितके 'हो' जास्त तितकं तुझंच भलं, महिना भरायला वीस दिवस राहिलेत. हे खरंच होतं. बनाबाई कँटीनला गेली, चहा घेतला, तो तिला पाण्यासारखा लागला. सांगितलं तर विजयसिंह म्हणणार, सगळे कागद खोटे, चला लाँड्रीत. नाही सांगितलं तर ती कॅज्युअल्टीत राहणार, पगार मिळणार, आब मिळणार. पण एखाद्या रविवारी दुसरी कुणी आक्का येणार, 'व्हय' म्हणणार, आणि खाली ह्यांचं 'हो' पडणार. आक्का तरी घाबरून म्हणाली होती. हे शिकलेले लोक नुसत्या घाईपोटी म्हणत होते. बनाबाईला इतका राग आला की अर्धा चहा तसाच ठेवून ती उठली.

मधुवंतीबाईंच्या केबिनमध्ये विजयसिंहही होते. बरंच झालं. तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, काल मी घरात हुतो, मला कुणी इचारलं आणि कुठं येऊन इचारलं? अभिरामला बोलावलं. त्याचे कान लाल झाले. गर्दी होती, ओळीनं टिक करत गेलो, त्याकडं लक्षच गेलं नाही, असं तो खाली बघून म्हणाला.

विजयसिंहांनी चष्मा काढला. "बनाबाई, आता हे सगळे कागद संशयात आले. हे तुमच्याच विरुद्ध जाणार, कळतंय का?"

"जाऊ द्या की," बनाबाई म्हणाली. "खोट्या 'व्हय'वर हितं ऱ्हायचं असंल तर लाँड्रीच बरी. तितं निदान कापडं तरी खरंच धुवून निघत्यात."

मधुवंतीबाईंनी कपाळावर हात मारला. अभिरामला 'ना' लावून विचारू नको म्हणून शिकवणारी मीच, आणि मीच कागदावर हो-नाहीचा प्रश्न छापून ठेवला, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पेन घेऊन ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'मावशी काय म्हणाल्या? लिहा.' पुढं दोन ओळी कोऱ्या सोडल्या. विजयसिंहांनी आधीचे सगळे कागद बाद केले आणि महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं ठरलं. बनाबाईला पुन्हा तीस दिवस जीव मुठीत धरून काढायचे होते.

महिना भरला त्या दिवशी विजयसिंह फाइल घेऊन मधुवंतीबाईंच्या केबिनमध्ये बसले. दहा मिनिटांचं काम म्हणून बसले ते तासभर उठले नाहीत. एका कागदावर होतं, 'मावशी म्हणाल्या, हे आजोबा काय न्हाय, काय न्हाय म्हणतायत म्हणजे काहीतरी आहे. ईसीजी काढला. हार्ट अटॅक.' दुसऱ्यावर होतं, 'मावशी म्हणाल्या, पोटात दुखत नाही, सासूसमोर बोलता येत नाही. सासूला बाहेर पाठवलं.' एकावर होतं, 'मावशी म्हणाल्या, आधी पोराच्या आईला बसवा, ती पडेल. पडली.' विजयसिंह मध्येच हसत होते, मध्येच तोच कागद पुन्हा वाचत होते.

मग रविवारचे कागद आले. बहुतेकांवर 'मावशी सुट्टीवर' एवढंच. त्यात अभिरामच्या अक्षरातला एक कागद होता. विजयसिंहांनी तो दोनदा वाचला, बनाबाईला आत बोलावलं आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवला. 'मावशी नाहीत. आजींना चक्कर, नाडी मंद. प्रश्न विचारले, सगळ्याला व्हय म्हणाल्या. म्हणून प्रश्न थांबवले, खाली बसलो आणि म्हटलं, काय काय झालं ते सांगा. आजी वीस मिनिटं बोलल्या. कामाचं वाक्य शेवटी आलं. वारलेल्या आजोबांच्या प्रेशरच्या गोळ्या उरल्या होत्या, वाया जाऊ नयेत म्हणून आठ दिवस आजी घेत होत्या.'

बनाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही, पदरानं पुसलं. विजयसिंहांनी उदयसिंहांची तक्रार फाइलीतून काढली, तिच्यावर 'निकाली' असं लिहिलं आणि सही केली. लाँड्रीचं नाव कुणी काढलं नाही.

"बनाबाई, काही बोलायचंय?" त्यांनी विचारलं.

"त्या आजीचं काय झालं?" बनाबाई म्हणाली.

ते विजयसिंहांना माहीत नव्हतं. मधुवंतीबाई म्हणाल्या, बरी झाली, गुरुवारी घरी गेली, आणि उरलेल्या गोळ्या अभिरामनं स्वतः तिच्या पिशवीतून काढून घेतल्या. बनाबाईनं मान डोलावली. बाहेर अँब्युलन्स लागल्याचा आवाज आला, तशी ती पदर खोचत स्ट्रेचर घ्यायला गेली.